मुक्कामाची मेख

ज्ञानूच्या गाडीला चाकं किती, यावरून दहिवडीच्या बाजारात एकदा दोन शहाण्यांची चांगलीच जुंपली. एकानं दहा मोजली. दुसऱ्यानं वाकून वाकून मोजली, त्याचीही दहाच भरली, तरी भांडण मिटेना. कारण नानासो उस्ताद मिशीला पीळ देत सांगत होता की खरं चाक अजून कुणाला दिसलेलंच नाही. मग त्यानं पुढच्या इंजनाच्या पाठीवरचा वंगणानं माखलेला काळा लोखंडी तवा दाखवला. लष्करात ह्याला पाचवं चाक म्हणतात, म्हणाला. लोक खो खो हसले. ज्ञानू मात्र हसला नाही. त्या तव्याचं मर्म उस्तादाच्या खालोखाल आपल्यालाच ठाऊक आहे, या विचारानं त्याचा ऊर भरून आला होता.

मर्म तसं साधंच. मागच्या ट्रेलरला चाकं फक्त शेपटाकडं. पुढं नुसती मान. त्या मानेखाली मनगटाएवढा जाड खुंटा, तो तव्याच्या खाचेत शिरला की आतला जबडा मिटायचा आणि खट्ट असा आवाज व्हायचा. तो आवाज झाला की इंजन आणि ट्रेलर मिळून एक गाडी. खुंटा सुटला की इंजन नुसतं उंडारायला मोकळं आणि ट्रेलर जागच्या जागी पांगळा. हँडल फिरवून खाली सोडायचे दोन लोखंडी पाय असत, त्यांच्यावर तो कसाबसा उभा राही.

ज्ञानू माणदेशातल्या गाडीवानाचा पोर. लढाईत भरती झाला तेव्हा त्याला बैल हाकता येत होते, बाकी काही नाही. आसामात त्याच्या हातात मोटारीचं चाक दिलं ते शिराळ्याकडच्या नानासोनं. मारलं, शिव्या दिल्या, स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं आणि ड्रायव्हर केला. पहिल्याच मुक्कामाला ज्ञानूनं विचारलं होतं, उस्ताद, गाडी सोडू का? गावाकडं मुक्काम पडला की गाडी सोडायचीच असते. बैलाच्या मानेवर जू ठेवून झोपणाऱ्याला कोणी माणूस म्हणत नाही. नानासोनं त्याच्या कानाखाली जाळ काढला आणि समजावलं, की मुक्कामाला ट्रेलर सोडायचा नाही, पाय खाली घ्यायचे नाहीत, जोडलेलं जोडलेलंच ठेवायचं. रात्री दरड आली, बाँब आला, तर सुटलेला ट्रेलर जागेवर मरतो आणि त्याच्यावर झोपलेला माणूसही. पुढं असा मेलेला माणूस ज्ञानूनं डोळ्यांनी बघितला. तेव्हापासून उस्तादाचा शब्द त्याला वेदासारखा.

लढाई संपली. पुण्याच्या डिपोत लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या तेव्हा दोघांनी मिळून ही अमेरिकन गाडी घेतली. तिथला साहेब एका माणसाला एकच नग देत होता, म्हणून इंजनाचा कागद नानासोच्या नावावर झाला आणि ट्रेलरचा ज्ञानूच्या. ज्ञानूची बायको रंगूबाई अडाणी, पण डोक्यानं तेज. ती म्हणाली, दोन्ही कागदांवर दोघांची नावं घाला की. ज्ञानू तिच्यावर खेकसला. त्याला कागदाचं काय पडलं होतं? परतीच्या वाटेवर उस्ताद त्याला मुद्दाम डोंगरावरच्या देवळात घेऊन गेला होता आणि बेल-भंडार उचलून म्हणाला होता, "ज्ञानू, तुजं-माजं जोडलं. मुक्कामाला बी सुटायचं न्हाई." उस्तादाच्या तळहाताचा पिवळा रंग ज्ञानूच्या हाताला लागला, तो त्यानं दोन दिवस धुतला नव्हता.

वर्षभर गूळ, हळद, भुईमूग, जे मिळेल ते ओढलं. सांगलीहून साताऱ्याला, साताऱ्याहून कऱ्हाडला. मुक्कामाला उस्ताद इंजनात झोपे आणि ज्ञानू ट्रेलरच्या मानेवर, खुंटा सोडायच्या दांडीला पाय टेकवून. कोणी दांडीला नुसता हात लावला तरी त्याला जाग यावी असा बेत.

पण ज्ञानूच्या हाडात गाडीवान मुरलेला, तो कुठं जातो? रात्रभर एवढं ओझं इंजनाच्या पाठीवर ठेवून निजायचं त्याच्या जिवावर येई. सहा महिने त्यानं कळ काढली. मग एका मुक्कामी गुपचूप हँडल फिरवून ट्रेलरचे पाय जमिनीला टेकवले. खुंटा जोडलेलाच, फक्त भार पायांवर. इंजनाची पाठ दोन बोटं वर आली तेव्हा त्याला बैलानं मान हलवून सुस्कारा टाकावा तसं वाटलं. सकाळी उस्तादानं बघितलं आणि पोट धरधरून हसला. आरं गाढवा, हे लोखंड हाय, ह्याला काय खांदे सुजत्यात? ज्ञानू ओशाळला, पण दुसऱ्या मुक्कामाला पुन्हा तेच. उस्ताद रोज हसायचा, रोज शिवी हासडायचा, पाय वर घ्यायला लावायचा.

दसऱ्याच्या आधी महिनाभर उस्तादानं हसायचं सोडलं. उलट मिरजेहून येताना सागवानाच्या दोन जाड फळ्या घेऊन आला आणि म्हणाला, पायाखाली ह्या घालत जा, काळ्या मातीत पाय रुतत्यात. ज्ञानूला काय वाटलं म्हणून सांगू! शेवटी उस्तादाला आपलं म्हणणं पटलं, या आनंदात त्यानं त्या फळ्या घरी नेऊन रंगूबाईला दाखवल्या. तिनं फळ्यांकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला बसली.

त्या साली माणात पावसानं डोळे वटारले होते. सगळं कोरडं. मग हस्ताचा पाऊस एकदम दोन दिवस पडला आणि रानं ओली झाली. शाळू पेरायला एवढी ओल पुष्कळ, पण बी कुठं होतं? बियाण्याचा शाळू लोकांनी श्रावणातच दळून खाल्लेला. माणातली हलकी रानं, ऊन पडलं की पाच-सहा दिवसांत वाफसा उडतो आणि मग बी टाकलं काय आणि दगड टाकला काय, सारखंच. गाव चावडीपुढं बसलं. तेव्हा ज्ञानू उठून म्हणाला की सांगलीच्या खाली नदीकाठी पायगोंडा पाटील म्हणून माझ्या ओळखीचे जैन शेतकरी आहेत, त्यांच्या जमिनीखालच्या पेवात शाळूचं बी आहे. मी आणतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बी गावात. म्हाताऱ्या जोतीरामनं विचारलं, नक्की का? गावात पेरायच्या तिफणी बाहेर काढून ठेवतो मग. ज्ञानूनं छातीवर हात ठेवला.

पायगोंडा भला माणूस. सुगीला बी परत करा म्हणाला आणि पेव उघडून दिलं. ट्रेलर गळ्यापर्यंत भरला. विटा मागं टाकलं, मायणी मागं टाकली, दिवस मावळायला आला तेव्हा गाव चार कोसांवर राहिलं होतं. ज्ञानूचं मन केव्हाच पुढं पोहोचलं होतं. पण एका उतारावर उस्तादानं गाडी थांबवली. दिवे मंद झालेत, पुढं ओढा आहे, मुक्काम इथंच, म्हणाला. बॅटरी उतरलीय, उतारावर तोंड करून ठेवली की सकाळी धक्का न मारता सुरू होईल. उस्ताद म्हणतो म्हणजे बरोबरच. ज्ञानूनं ट्रेलरच्या चारी चाकांना दगड लावले, आपल्या हातानं फळ्या घातल्या, आपल्याच हातानं पाय खाली घेतले. भाकरी खाल्ली. मग मानेवर घोंगडं पसरायला लागला तर उस्ताद म्हणाला, "आज मी निजतो हितं. दोन दिस तुजा डोळ्याला डोळा न्हाई. तू वर पोत्यांवर नीज गड्या, वारं बी हाय."

इतक्या वर्षांत उस्तादानं असं कधी म्हटलं नव्हतं. ज्ञानूच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. पोत्यांवर चढला आणि मेल्यासारखा झोपला.

उजाडताना जाग आली ती सगळं फार शांत वाटलं म्हणून. उठून पुढं बघितलं तर रस्ता. नुसता रस्ता. इंजन नाही.

पहिल्यांदा त्याच्या मनात काय आलं असेल? चोर आले आणि उस्तादाला मारून इंजन घेऊन गेले, हे आलं. उडी टाकून तो उतारावरून बोंबलत पळत सुटला, उस्ताद, उस्ताद! तळाला टायरच्या खुणा दिसल्या. इंजन बंद ठेवूनच उतारावरून घरंगळवत आणलं होतं, तिथं सुरू केलं होतं, तिथं तेलाचे थेंब पडले होते, आणि खुणा वडूजच्या वाटेला वळल्या होत्या. आजूबाजूला झटापट नाही, रक्त नाही. तो परत वर आला. ट्रेलरची ब्रेकची नळी नेहमी इंजनाला जोडलेली असायची. ती सोडून मानेवरच्या आकड्याला टांगली होती, तोंडात धूळ जाऊ नये म्हणून फडकं कोंबून, दोन वेढे आणि वर अर्धी गाठ. अशी नळी टांगणारा माणूस ज्ञानूनं उभ्या जन्मात एकच बघितला होता. आसामात ती अर्धी गाठ शिकताना त्यानं तीन दिवस मार खाल्ला होता.

तो खाली बसला. फळ्यांवर लोखंडी पाय कसे पक्के बसले होते! मातीत रुतले असते तर मान खाली वाकली असती, खुंटा खाचेत घट्ट आवळला असता, सोडताना धक्का बसून वरच्या माणसाला जाग आली असती. पाय टेकवायला कोणी सांगितलं नव्हतं. ते ज्ञानूचं आपलं शहाणपण. उस्तादानं त्यात भर घातली ती फक्त दोन फळ्यांची.

बी सोडून जाता येईना. दुपारी एक गाडीवान भेटला, त्याच्याबरोबर गावात निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बैलगाड्या आल्या. गावकऱ्यांनी आधी ट्रेलरलाच बैल लावून बघितले, पण पुढं चाकंच नाहीत तर ओढणार काय? मग पोतं पोतं उतरून गाड्यांत भरलं. दोन खेपा कराव्या लागल्या. वरून ऊन तर असं पडलं होतं की जणू त्यालाही कुणी फितवलं असावं. ओढ्याकाठची रानं पेरून झाली. माळावरची अर्धी रानं, तिफण लावली तेव्हा फुफाट्यानं भरलेली होती. उरलेलं बी लोकांनी पोत्यातच ठेवलं.

गाव ज्ञानूला टाकून बोललं असतं तर बरं झालं असतं. म्हातारा जोतीराम एवढंच म्हणाला, "ज्ञानू, तू खोटा न्हाईस. पर बी येळंवर आलं न्हाई." आणि त्यावर ज्ञानूनं काय करावं? खोटं बोलला! इंजन बिघडलं होतं, म्हणाला. उस्ताद ते दुरुस्तीला घेऊन गेलाय, आज-उद्या येईल. उस्तादाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून हा बाबा पंधरा दिवस गावाशी खोटं बोलत राहिला. त्यात निम्मी फसवणूक स्वतःचीच होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो उस्तादासाठी एकेक कारण शोधून काढायचा आणि सकाळी ते रंगूबाईला सांगायचा.

दिवाळी झाल्यावर तो पायगोंडाकडं गेला, बी निम्मंच पेरलं गेलं हे तोंडानं सांगायला. पायगोंडानं त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि जरा अडखळत सांगितलं, की तुमचा उस्ताद मिरजेत आहे. एका ठेकेदाराकडं दोन ट्रेलर होते, इंजन नव्हतं, बारमाही काम होतं. पण त्याला भागीदार नको होता, एकटा ड्रायव्हर इंजनासकट हवा होता. त्यांचं बोलणं दसऱ्याच्या आधी महिनाभर पक्कं झालं होतं.

"मला बाजारात भेटला," पायगोंडा म्हणाला. "बी पोचलं का म्हणून इचारत हुता."

ज्ञानूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. दसऱ्याच्या आधी महिनाभर म्हणजे फळ्या आणल्या तेव्हा. त्या फळ्या बायकोला दाखवायला आपण घरी नेल्या होत्या. आसामातल्या शिव्या आठवल्या असत्या तर त्यानं उस्तादाला तिथंच शिव्या घातल्या असत्या. त्याला आठवत होतं ते उस्तादाच्या ताटातलं खाल्लेलं. आणि वर हा माणूस विचारतो, बी पोचलं का! केसानं गळा कापायचा आणि मग दुखलं का म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

एवढं होऊनही, वेड्याचं वेड बघा, तो ट्रेलरकडं जायचा थांबला नाही. दर आठवड्याला चार कोस चालत जायचा. ट्रेलर उतारावर तसाच उभा. खाली वाकून बोटानं खुंट्याला वंगण लावायचा. गंज चढला तर जबडा मिटत नाही. आपण कुणासाठी हे करतोय ते तो स्वतःलाही सांगत नसे. असे अडीच महिने गेले.

एकदा रंगूबाई त्याच्याबरोबर आली. वाटेत दोन्ही बाजूंना रानं होती. ओढ्याकाठी शाळू कमरेएवढा, माळावर नुसती ढेकळं. ट्रेलरपाशी आल्यावर नवरा मानेखाली शिरून खुंट्यावरून बोट फिरवतोय हे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आवं, ह्यो खुंटा हाय तवर तुमी हितंच बांधलेलं ऱ्हानार."

ज्ञानू बाहेर आला. तिच्यावर ओरडायचं सोडून त्यानं बोटाचं वंगण फडक्याला पुसलं. बाईचं बरोबर होतं; पहिल्या कागदापासून बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात तो सिद्धू लोहाराला घेऊन गेला. घण आणि छिन्नी चालवून सिद्धूनं खुंट्याचे चार रिव्हेट तोडले. खुंटा जमिनीवर पडला तेव्हा ज्ञानूनं तोंड फिरवलं होतं. सिद्धूनं तो भट्टीत लाल करून ठोकला, लांबवला, टोक काढलं आणि हातभर मेख करून दिली. ज्ञानूनं आता बापासारखी बैलजोडी घेतली होती. ती मेख त्यानं गोठ्यात ठोकली. पायांखालच्या फळ्याही काढून तिथं दगड रचले. फळ्या तेवढ्या घरात आणून भिंतीला उभ्या करून ठेवल्या.

शाळू कणसात आला तेव्हा उस्ताद आला.

सकाळची वेळ होती. ज्ञानू बैलगाडी घेऊन त्या वाटेनं बाजाराला निघाला होता. का कोण जाणे, फळ्याही त्यानं गाडीत टाकल्या होत्या. ट्रेलरपाशीच टाकून मोकळं व्हावं असं त्याला आदल्या दिवसापासून वाटत होतं. लांबून इंजनाचा आवाज आला आणि त्यानं तो हजारांत ओळखला असता. नानासो इंजनातून उतरला. दाढी वाढलेली, मिशीचा पीळ गेलेला. ठेकेदारानं स्वतःचं नवं इंजन आणलं होतं आणि ह्याला बाहेरची वाट दाखवली होती. हे त्यानं एका दमात सांगितलं. पाठीवर नुसता तवा असलेलं इंजन, त्याला कोण भाडं देणार? भंडाऱ्याची आठवण त्यानंच काढली. चुकलं, म्हणाला. तुला पोत्यांवर निजवताना मला लय वाईट वाटलं, हेही म्हणाला.

ज्ञानूनं नुसता कासरा हातावर गुंडाळला. त्याचा अर्थ उस्तादानं सोयीचा लावला असावा. "जोडूया का?" असं विचारून तो उत्तराला न थांबता इंजनात चढला.

आणि काय सांगू, त्यानं इंजन मागं घेतलं ते बघायला पुन्हा सगळा आसाम तिथं असायला हवा होता! एका दमात, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही, तवा बरोबर मानेखाली. ज्ञानूचं अंग नकळत पुढं झुकलं. कान त्या आवाजाची वाट बघत होते. आसामापासून कानात बसलेला आवाज.

तवा नुसताच सरकत गेला. उस्तादानं आणखी मागं घेतलं. इंजनाची पाठ ट्रेलरच्या तोंडाला धडकली, दगडांवरचे पाय कुरकुरले. खट्ट झालं नाही. उस्ताद उतरला, मानेखाली वाकला, हात आत घातला आणि चाचपत राहिला. चार रिकामी भोकं त्याच्या बोटांना लागली असणार. हात बाहेर काढला तो जुन्या वंगणानं काळा झाला होता.

"ज्ञानू, खुंटा कुठं हाय?"

"मेख केली त्याची. बैल बांधतो."

उस्ताद त्या हाताकडं बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला की सांगलीत असा खुंटा मिळेल, सिद्धू लोहार रिव्हेट मारून देईल, एका दिवसाचं काम आहे. हे ज्ञानूलाही माहीत होतं.

"बसंल की नवा खुंटा. पर उस्ताद, मी पाय खाली घेतल्यावर बी जागेवर थांबणारा उस्ताद कुठल्या लोहाराकडनं आणू?"

ज्ञानूनं गाडीतून त्या दोन फळ्या काढल्या, अंगरख्याच्या बाहीनं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि उस्तादाच्या हातात दिल्या.

"ह्या तुमच्या. ऱ्हायल्या हुत्या माज्याकडं," तो म्हणाला, आणि बैलांचा कासरा सैल करून बाजाराच्या वाटेला लागला.